रात्रपाळी, कोरडी प्रार्थना आणि देवावरचा भाव

रात्रपाळी_सिस्टर · १२ जुलै, दुपारी ३.१०

सर्वांना सलाम.

मी पुण्यातील एका रुग्णालयात गेली अकरा वर्षे परिचारिका आहे. माहेर नेवासे तालुक्यातले. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या घरची दिवेलागणीची प्रार्थना कधी चुकली नाही. कंदिलाची काच पुसून झाली की सगळे सतरंजीवर बसत. उपासनासंगीत या गीतपुस्तकातले एक गीत, पवित्र शास्त्रातला म्हणजे बायबलमधला एक अध्याय, आणि मग आजोबांची लांबलचक प्रार्थना, ज्यात मुंबईचे काका, राहुरीची आत्या, पाऊस, सरकार आणि व्यायला झालेली आमची शेळी हे सगळे ठरलेल्या क्रमाने येत असे. त्या वेळी देव घरातच कुठेतरी बसला आहे असे वाटे, आणि त्यासाठी वेगळे काही करावे लागत नसे.

आता माझी पाळी दर आठवड्याला बदलते. शास्त्रवाचन बसमध्ये उभ्याने होते आणि प्रार्थना जिन्यात. नऊ महिन्यांपूर्वी यजमानांची चाकणची नोकरी गेली. सध्या ते मिळेल ते काम करतात. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले लोक प्रेमाने सांगतात की प्रभूवर विश्वास ठेवा. मी ठेवते. परंतु रात्री तीन वाजता वॉर्ड शांत झाला की मी कागदाच्या मागे घराच्या हप्त्यांचा हिशेब मांडते आणि मग वाटते, हा अविश्वासच नव्हे काय?

माझे विचारणे दोन गोष्टींचे आहे. मनाला काहीही जाणवत नसताना देवाच्या जवळ राहणे म्हणजे नेमके काय करणे? आणि त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्याने हिशेब मांडावा की मांडू नये?

वडाळ्याचा_भाचा · १२ जुलै, दुपारी ३.४५

ताई, प्रश्न गंभीर आहे आणि मी सविस्तर लिहीनच, पण आधी शेळीचे पुढे काय झाले ते सांगा.

पहाटप्रार्थना · १२ जुलै, सायंकाळी ६.२०

भगिनी, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. वेळ कधीच मिळत नसतो, तो काढावा लागतो. मार्क १:३५ मध्ये प्रभू मोठ्या पहाटेस उठून रानात जाऊन प्रार्थना करत होता. मी गेली वीस वर्षे चार वाजता उठतो आणि या नियमाने मला कधीही दगा दिलेला नाही. हिशेबाविषयी म्हणाल, तर प्रभूचा शिष्य पेत्र जोवर प्रभूकडे पाहत होता तोवर पाण्यावर चालला. वाऱ्याकडे पाहिले आणि बुडू लागला. हप्त्यांचा कागद म्हणजे वाऱ्याकडे पाहणेच होय.

रात्रपाळी_सिस्टर · १२ जुलै, सायंकाळी ७.०५

दादा, राग नाही. मात्र पहाटे चार वाजता माझ्या हातात इंजेक्शनचा ट्रे असतो.

शास्त्राचा_विद्यार्थी · १२ जुलै, रात्री ९.३०

पहाटप्रार्थना यांनी दिलेला दाखला खराच आहे, पण त्याच्या आधीची आणि नंतरची वचनेही वाचावीत. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सारे गाव दारापाशी जमले होते आणि प्रभू आजाऱ्यांना बरे करत होता. म्हणजे त्या पहाटेच्या आधी त्याचीही एक प्रकारे रात्रपाळीच झाली होती. पुढच्याच वचनात शिमोन आणि इतर त्याला शोधत येतात, आणि ती प्रार्थनाही अर्ध्यावर तुटते. तेव्हा या उताऱ्यातून चारचा ठोका काढण्यापेक्षा, गर्दीतून बाजूला होण्याची त्याची ओढ काढावी असे मला वाटते.

आणि पेत्राविषयी: तो बुडू लागला तेव्हा ओरडला, आणि येशूने तत्काळ हात पुढे करून त्याला धरले. 'अल्पविश्वासी' हा शब्द त्याने ऐकला, पण हात धरलेला असताना ऐकला.

वसईचा_माळी · १२ जुलै, रात्री १०.१५

मी कॅथलिक, फुलशेती करणारा. आमचा मोगरा पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जातो. टोपली पायांत धरून, खिशात जपमाळ फिरवत मी किती वर्षे गेलो याची मोजदाद नाही. सिस्टर, तुम्ही कोरडेपणाविषयी लिहिले आहे, म्हणून सांगतो. वडील वारल्यानंतर दीड वर्ष माझ्या तोंडून स्वतःचा एकही शब्द प्रार्थनेला निघाला नाही. त्या काळात जपमाळेने मला शब्द उसने दिले. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आणि 'नमो मरिये' हे शब्द माझे नव्हते, माझ्या आजीचे होते, आणि तिच्या आधी कुणाचे तरी होते. मी फक्त मण्यांवरून बोट पुढे सरकवत होतो. जाणवत काहीच नव्हते. पण बोट थांबले नाही, याला मी जवळ राहणे म्हणतो.

मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण त्यांना कित्येक दशके देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, हे त्यांतून कळले. मला मात्र तो धक्का नव्हता, दिलासा होता. ज्या बाई रोज पहाटे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला बसत आणि मग रस्त्यावरच्या मरणासन्न माणसांपाशी जात, त्यांचेही आतले घर रिकामेच होते, आणि तरी त्यांनी दार लावून घेतले नाही.

पहाटप्रार्थना · १३ जुलै, पहाटे ४.५०

माळी बंधू, आपल्या भावनेचा आदर आहे, परंतु मत्तय ६:७ मध्ये व्यर्थ बडबडीविषयी प्रभूने स्पष्ट सांगितले आहे. तेच ते शब्द पुन्हापुन्हा म्हणण्याने देव जवळ येत नाही.

वसईचा_माळी · १३ जुलै, सकाळी ८.४०

बडबड व्यर्थ होते ती मन नसल्यामुळे, पुनरुक्तीमुळे नव्हे. गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असे त्याच मत्तयाने २६ व्या अध्यायात लिहिले आहे. स्तोत्र १३६ मध्ये एकच पालुपद २६ वेळा येते. मी मोजले आहे. लोकलमध्ये वेळ भरपूर असतो.

वडाळ्याचा_भाचा · १३ जुलै, सकाळी ९.००

आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना ऐकलेल्या माणसाला पुनरुक्तीचे वावडे राहूच शकत नाही. त्यांच्या आशीर्वादापर्यंत चहावर दोनदा साय धरते.

नाशिकची_काडी · १३ जुलै, दुपारी १.३०

मी सहसा वाचतेच, लिहीत नाही. पण योहान १५ चा उल्लेख अजून कुणी केला नाही, आणि आमचे घर द्राक्षबागेवर चालते, म्हणून राहवत नाही.

'मी द्राक्षवेल, तुम्ही फाटे; माझ्यामध्ये राहा' हे तिथले प्रभूचे वचन उपदेशात ऐकताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घडांनी लगडलेली वेल येते, कारण कॅलेंडरवरचे चित्र तसेच असते. प्रत्यक्षात आमच्याकडे बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणी झालेली बाग नवख्या माणसाने पाहिली तर तो म्हणेल, जाळून टाका आता. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा (कोंब फुटण्याची जागा) ठेवून बाकी सगळी काडी कापलेली असते. नुसते काळे हात पसरलेले दिसतात. मग उन्हाळ्यात नवी काडी फुटते, पाने येतात, पण घड कुठेच नसतो. आणि खरी गंमत पुढे आहे: पुढच्या वर्षीच्या घडाची निर्मिती याच काळात, छाटणीनंतरच्या चाळीस-साठ दिवसांत, काडीच्या डोळ्याच्या आत होते. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत पाणी, ऊन, खत यांचा मेळ चुकला तर ऑक्टोबरला कितीही चांगली छाटणी करा, काडी वांझ निघते. माझे सासरे त्या दिवसांत बागेत रोज जातात, पाहण्यासारखे काही नसते तरी जातात.

प्रभूने 'फळ द्या' अशी आज्ञा फाट्याला केलेली नाही. 'राहा' अशी केली आहे. मला स्वतःला दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात, जेव्हा चर्चला जाणेसुद्धा जमत नव्हते, तेव्हा हे शिकायला मिळाले. भांडी घासताना एकच वचन तोंडात ठेवायचे, आठवडाभर तेच. सोमवारी ते कोरडेच लागे. कधी शुक्रवारी त्याला चव येई, कधी येतही नसे.

तुकोबाच्या_गावचा · १३ जुलै, दुपारी ४.१०

मी ख्रिस्ती नाही, देहूजवळच्या वारकरी घरातला आहे. इथे बोलणे योग्य नसेल तर क्षमा असावी. सिस्टरांनी शीर्षकात 'भाव' हा शब्द वापरला, तो वाचून थांबलो. आमच्याकडेही देव भावाचा भुकेला असे म्हणतात, आणि सावता माळ्यांना मळा सोडून पंढरीला जाण्याची गरज पडली नाही. तुमच्या शास्त्रात हा शब्द कसा आला याचे कुतूहल वाटते.

शास्त्राचा_विद्यार्थी · १३ जुलै, रात्री ८.५५

दादा, उलट आपण आलात ते बरे झाले. मराठी पवित्र शास्त्रात नीतिसूत्रे ३:५ असे आहे: 'तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव.' भाषांतरकारांनी हा शब्द इथल्याच मातीतून उचलला. कवी नारायण वामन टिळक यांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला, आणि आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो अशा आशयाचे ते बोलत, हे मराठी ख्रिस्ती माणसाला पाठ असते. म्हणून 'विश्वास' म्हटले की आम्हाला मतांची यादी आठवते, आणि 'भाव' म्हटले की कुणाच्या तरी पायाशी बसणे आठवते. मला दुसरे अधिक जवळचे वाटते.

आता सिस्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. स्तोत्र ३७:५ मध्ये आपला जीवितक्रम परमेश्वराच्या हवाली करण्यास सांगितले आहे. तिथल्या मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ 'लोटणे, गडगडवत नेणे' असा आहे. धोंडा लोटावा तसा. जो धोंडा लोटायचा तो आधी किती मोठा आहे हे पाहावेच लागते. हप्त्यांचा कागद म्हणजे तो धोंडा मोजणे आहे, असे मी म्हणेन. मोजून झाल्यावर तो उशाखाली घेऊन झोपायचे की लोटायचे, एवढाच प्रश्न उरतो.

आणखी एक. 'तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत' हे यिर्मया २९:११ प्रत्येक ख्रिस्ती घराच्या भिंतीवर असते. त्याच्या आदल्या वचनात सत्तर वर्षे लागतील असे लिहिले आहे, ते कुणी फ्रेम करत नाही. ते पत्र बाबेलात बंदिवान असलेल्या लोकांना लिहिलेले आहे, आणि पाचव्या वचनात त्यांना घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा असे सांगितले आहे. सत्तर वर्षांची वाट पाहणाऱ्यांना देवाने हिशेबाचीच कामे दिली.

लक्ष्मीबाईंची_नात · १३ जुलै, रात्री १०.०५

(नात नव्हे, केवळ भक्त. नावावरून दर वेळी विचारणा होते.)

टिळकांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विसरू नये. टिळक हाती आलेला पैसा दारी आलेल्याला देऊन मोकळे होत; देव पाहून घेईल हा त्यांचा भाव खरा होता, पण संध्याकाळी पीठ आहे की नाही हे लक्ष्मीबाईंना पाहावे लागे. ते सगळे त्यांनी किती मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे! नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या, नंतर नगरला आल्या तेव्हाही आधी सोवळे पाळत होत्या, आणि १९०० साली स्वतःच्या पावलांनी बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचल्या. एका घरात दोघांचा विश्वास दोन चालींनी चालला. टिळक १९१९ मध्ये गेले आणि त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण कोणी केले? डबे पाहणाऱ्या बाईंनी.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणल्या, त्या निव्वळ देवाच्या भरवशावर. पण त्याच भरवशाने विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना छापखाना चालवायला शिकवला. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः. त्या शेवटच्या काळातही शास्त्राच्या भाषांतराचे काम हातावेगळे करणे सुटले नाही. हिशेब आणि भरवसा यांत भांडण आहे असे या दोघींपैकी कोणी मानले असते असे मला वाटत नाही.

ओसरीवरचा · १४ जुलै, रात्री १२.४०

सगळे चांगले लिहीत आहेत, आणि मला हे वाचताना त्रास होत आहे, म्हणून लिहितो.

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा होता. कर्करोग. आम्ही उपवास-प्रार्थना केली, साखळी प्रार्थना केली, तीन मंडळ्यांनी केली. तो गेला. दफनविधीनंतर एका ज्येष्ठ बंधूंनी माझ्या आईचा हात हातात घेऊन सांगितले की कुठेतरी विश्वास कमी पडला असावा. आईने त्यानंतर दोन वर्षे प्रार्थनेत तोंड उघडले नाही. ती रोज सकाळी शास्त्र उघडून समोर ठेवत असे आणि फक्त बसत असे.

ज्याला भाऊ वाचला त्याने साक्ष द्यावी, मला आनंद आहे. पण आमच्या मंडळीत साक्षीच्या वेळी उभे राहण्याचा हक्क केवळ ज्यांचे काम झाले त्यांनाच असतो. ज्यांचे झाले नाही आणि तरीही जे मागच्या बाकावर येऊन बसतात, त्यांची साक्ष कोणी मागत नाही. दानिएलाच्या तिसऱ्या अध्यायातले ते तिघे राजाला म्हणाले होते की आमचा देव आगीच्या भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीला दंडवत घालणार नाही. आम्ही या वाक्याचा पहिला भाग शिकवतो.

आईला शेवटी स्तोत्र ८८ ने बोलते केले. त्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो. इतर विलापगीतांसारखे वळण घेऊन स्तुतीवर येत नाही. तिने ते मोठ्याने वाचले आणि म्हणाली, 'हे पण आत आहे?' मी म्हटले, आहे. त्या दिवसापासून तिने देवाशी भांडायला सुरुवात केली. मी एवढेच जाणतो की भांडणारी बाई दुरावलेली नसते.

पहाटप्रार्थना · १४ जुलै, पहाटे ४.३५

ओसरीवरचा बंधू, आपले लिहिणे वाचले आणि आज मी माझ्या प्रार्थनेच्या यादीत काही लिहू शकलो नाही. तसे वाक्य मीही एका घरी बोललो आहे. ते घर वेगळे होते, पण वाक्य तेच होते. दुपारी त्या घरी जाऊन येतो.

सिस्टर, चारचा माझा नियम मी सोडणार नाही, तो मला लागतो. तुमच्यावर तो लादायला नको होता.

मस्कतचा_मराठी · १४ जुलै, सकाळी ११.१५

छोटासा अनुभव. आमची कौटुंबिक प्रार्थना फोनवर होते. आई श्रीरामपूरला, बहीण मुंबईला, मी इथे. इथली वेळ दीड तास मागे असल्यामुळे आईची रात्रीची प्रार्थना माझ्या ऑफिसातून निघण्याच्या वेळेला येते. पार्किंगमध्ये गाडीत बसून 'आमेन' म्हणतो. निर्गम या पुस्तकातला मान्ना, म्हणजे देव रानात रोज पुरवत असलेले अन्न, दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवला की त्यात किडे पडत, हे लहानपणी वाचताना किळस येई. आता वाटते की ती सोय चांगली होती. कालच्या प्रार्थनेवर आज निभावत नाही.

वडाळ्याचा_भाचा · १४ जुलै, सकाळी ११.३०

पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितले होते, आणि तो किडला नाही. म्हणजे जिथे देवाने सांगितले तिथे साठवणूकही चालते. सिस्टरताईंच्या यजमानांचा भविष्यनिर्वाह निधी सुरक्षित आहे असे माझे शास्त्रीय मत आहे.

रात्रपाळी_सिस्टर · १६ जुलै, दुपारी २.००

दोन दिवस सलग पाळी होती, त्यामुळे उशीर झाला. सर्वांचे लिहिणे वाचले. काही जिन्यात, काही घरी.

परवा रात्री माझ्या वॉर्डात एक आजी होत्या. त्यांना झोप नव्हती आणि त्या दर दहा मिनिटांनी बेल वाजवत होत्या. चौथ्यांदा गेले तेव्हा विचारले, आजी, काय हवे? म्हणाल्या, काही नको, तू आहेस ना ते पाहिले. मी जरा वैतागून परत आले आणि टेबलाशी बसल्यावर या धाग्यावरचे मण्यांवरचे बोट आठवले. आम्हा परिचारिकांना ठाऊक असते की जो रुग्ण बेल वाजवतो त्याची काळजी थोडी कमी वाटते. जो एकाएकी शांत होतो त्याच्याकडे आधी धावावे लागते. माझी जिन्यातली प्रार्थना तशी बेल असेल तर असो. त्या आजींना तरी मी आल्याचे कळत होते. मला तेही कळत नाही. तरी वाजवीन.

कागदावरचा हिशेब मी काल पूर्ण केला, यजमानांना दाखवला. आजवर तो मी त्यांच्यापासून लपवत होते, कारण त्यांना वाईट वाटेल. नोव्हेंबरपर्यंत निभेल. पुढचे माहीत नाही. कागद शास्त्रात घालून ठेवला आहे, स्तोत्र ३७ पाशी. ओसरीवरचा दादा, तुमच्या आईंना माझा सलाम सांगा.

आणि भाचेदादा, शेळीला दोन करडे झाली. त्यातले एक आजोबांनी चर्चमध्ये कापणीच्या सणाला अर्पण केले. लिलावात त्याची बोली लागली तेव्हा आजीचे डोळे भरलेले पाहून आजोबांनीच बोली वाढवत नेली आणि ते परत घरी आणले.

वडाळ्याचा_भाचा · १६ जुलै, दुपारी २.१०

कितीला?

रात्रपाळी_सिस्टर · १६ जुलै, दुपारी २.२५

तो हिशेब मात्र आजोबांनी कधीच दाखवला नाही.